दुप्पट रुंदीची नान

"नान आणा," रजबबोबो म्हणाले, आणि अक्रोडाखाली चाललेली बाचाबाची एकदम थांबली.

नान मधे आली की वरच्या गावात कोणी आवाज चढवत नाही. बोयमतचं तोंड मात्र अजून चालूच होतं. त्याच्या बाह्या कोपरापर्यंत चिखलाने माखल्या होत्या आणि दोघांनी त्याचे दंड धरले होते. सकाळी तो पाटाच्या मुखाशी सापडला होता. खालच्या गावाचं पाणी ज्या भोकातून जातं, ते भोक हा गडी चिखलाने लिंपत बसला होता! पाणी चोरताना सापडणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरताना सापडण्याहून वाईट. मान खाली घालून मुकाट्याने बसावं, तर हा उलट मीराबावरच आळ घेत होता.

"चोर मी नाही, चोर हा तुमचा मीराब!" बोयमत ओरडला. "लेक दिलीय ना खालच्या गावात! तिकडे जावयाच्या अंगणात पुदिना माजलाय, आणि इकडे माझा गहू ओंबीतच वाळतोय. पाटाच्या शेवटाला माझं शेत. माझ्यापर्यंत येतंय काय? ओल! नुसती ओल!"

"गप रे," कोणीतरी म्हणालं.

"का गप? तुमच्या पोटात नाही का दुखत? सगळे घरात बसून कुजबुजता, आणि इथे आलात की दाढी कुरवाळत बसता!"

ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो मीराब अकनजर समोरच चटईवर मांडी घालून बसला होता. दोन्ही गावांना पाणी वाटून देणं हे त्याचं काम. दर वसंतात दोन्हीकडची माणसं जमून मीराब निवडत, आणि वर्षानुवर्षं निवडत ते अकनजरलाच. माणूस बोलायला रुक्ष आणि हसायला महाग, पण पाण्याच्या बाबतीत त्याच्याकडे बोट दाखवायची कोणाची छाती नव्हती. आज पहिल्यांदा कोणीतरी ते दाखवलं होतं, तेही भर गावात. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

भोकाची हकीकत अशी. पाटाच्या मुखाशी दगडी बांधात अक्रोडाची जाड फळी बसवलेली आहे आणि तिला एक गोल भोक आहे. फळीच्या मागे पाणी एका खुणेपर्यंत तुंबवून ठेवायचं. भोकातून जाईल ते खालच्या गावाचं, उरेल ते वरच्या गावाचं. भोक गोल एवढ्यासाठी, की चौकोनी पाडलं तर कोपऱ्यांत काटक्या अडकतात. आणि भोक मोजायचं ते मीराबाच्या काठीने. दहा बोटं लांबीची ती काठी भोकाच्या तोंडात आडवी बरोबर बसली पाहिजे. खालच्या गावाचा वाटा किती? एक काठी. आज्यापणज्यांपासून हेच चालत आलेलं.

या वसंतात ते बदललं. पलीकडच्या खोऱ्यात दरड कोसळून बेघर झालेली माणसं खालच्या गावात येऊन वसली, घरं दुप्पट झाली. वरच्या गावाने मोठ्या मनाने ठरवलं, आता त्यांना पाणीही दुप्पट द्यायचं. दुसरं भोक पाडायचा प्रश्नच नव्हता. एका फळीला दोन तोंडं केली की गावात फूट पडते, असं इथे पक्कं मानतात. तेव्हा अकनजरने जुनी फळी काढली, नवी रुंद फळी तासली आणि तिला दोन काठ्यांचं भोक पाडलं. सगळ्यांदेखत दोन काठ्या एकापुढे एक धरून मोजून दाखवलं. त्यानंतर महिनाभरात वरच्या गावचा पाट खंगत गेला. अकनजर म्हणायचा, यंदा डोंगरावर बर्फच कमी. त्याच्या स्वतःच्या जर्दाळूंची पानंही कडेने करपली होती.

नान आली. रजबबोबोंनी ती दोन्ही हातांनी अकनजरपुढे धरली. गावातले ते सगळ्यात थोर, सगळ्यांचे बोबो, म्हणजे आजोबा; पांढरी दाढी छातीवर आलेली.

"बोल, पोरा."

अकनजरने नान कपाळाला लावली आणि तिच्यावर उजवा हात ठेवला.

"गावाने सांगितलं दुप्पट द्या. मी दुप्पट दिलं. त्याच्यावर ओंजळभरही जास्त दिलं असेल, तर ही नान मला आंधळं करो."

बायाबापड्या कुंपणाआडून बघत होत्या, त्यांतली एक हुंदका देऊन रडली. एवढी मोठी शपथ कोणी सहजासहजी घेत नाही.

"ऐकलंस?" रजबबोबो बोयमतकडे वळले. "आता मोजायचंय का तुला?"

"मोजलंय मी," बोयमत म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता. "आज सकाळीच मोजलं. दोन काठ्याच आहेत. काठी खरी आहे हो, बोबो. पण पाणी? पाणी काय खोटं बोलतंय?"

यावर सगळे हसले. ते हसू त्याला वर्मी लागलं. त्याने खांदे पाडले. निवाडा झाला: उद्या पहाटेची बोयमतची पाळी बंद. गहू दाणा भरायच्या बेताला आलेला. आता पाळी हुकली की पीक गेलं, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. शपथेची नान तुकडे करून सगळ्यांना वाटली. बोयमतनेही आपला तुकडा गिळला. तो न घेणं म्हणजे गाव सोडणं.

अकनजर ताठ मानेने घरी आला, पण वाटभर त्याच्या डोळ्यांपुढे बोयमतच होता. बोयमतच्या पोराचं बारसं त्याने पाहिलं होतं, बापाला खांदा दिला होता. आता रीतीप्रमाणे शपथ घेणाऱ्याने हरलेल्याच्या घरी, सूर्य मावळायच्या आत, नेहमीच्या दुप्पट रुंदीची नान न्यायची असते. माझ्या मनात किल्मिष नाही, असा त्याचा अर्थ. मग दोन घरांचं बोलणं पुन्हा सुरू होतं.

त्याची बायको ओयनिसा अंगणातला तंदूर पेटवून बसली होती. परातीत कणकेचे गोळे ओळीने मांडून ठेवले होते.

"बोयमतकडे न्यायची नान कर," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. सगळं ऐकलं मी कुंपणाआडून. नानवर हात ठेवलात तेव्हा माझा जीव नुसता गोळा झाला होता हो."

"खोटं बोलणाऱ्याने घाबरावं." तो पायरीवर टेकला. "लवकर कर. दोन गोळे घे एकत्र, आणि थाप."

"दोन?"

"दुप्पट करायचीय ना?"

ओयनिसा हसली. "इतकी वर्षं माझ्या हातचं खाताय, आणि एवढंही माहीत नाही? दोन गोळ्यांत कुठली होतेय! चार लागतात."

"चार कशाला? चौपट कोणी सांगितलीय?"

"रुंदी दुप्पट म्हणजे कणीक चौपट. लग्न होऊन आले तेव्हा मीही दोनच घेतले होते. सासूबाईंनी ती नान सगळ्यांना उचलून दाखवली होती. मेलं तोंड लपवायला जागा राहिली नव्हती मला."

"काहीतरीच तुझं."

"काहीतरीच? बघा तर मग!"

तिने दोन गोळे एकत्र मळले. लाकडी पाटावर आधी नेहमीची एक नान थापली, मग तिच्या दुप्पट रुंदीची मोठी थापायला घेतली. थापता थापता कणीक पातळ होत गेली. कडेला पोचायच्या आतच मधे फाटली. तिने ती दोन्ही हातांवर घेऊन उजेडात धरली.

"घ्या. ही नेता का बोयमतकडे? हिच्यातून सूर्य दिसतोय!"

अकनजर हसला नाही. तो उठून जवळ आला. "चार घेऊन दाखव," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज असा काही निघाला की ओयनिसाचं हसू तिथेच विरलं. तिने चार गोळे घेतले. नान थापून झाली, ती नेहमीच्याच जाडीची आणि बरोबर दुप्पट रुंदीची. कुठे विरळ नाही की कुठे गच्च नाही.

"अहो, काय झालं? अहो!"

तो लाकडी पाटासमोर गुडघ्यांवर बसला. सांडलेल्या पिठात त्याने बोटाने एक गोल काढला. शेजारी दुसरा काढला, दुप्पट रुंदीचा. शाळेत असताना तपासायला आलेल्या साहेबासमोर मास्तरांनी त्यालाच उभं केलं होतं, आणि त्याने एका दमात म्हणून दाखवलं होतं: वर्तुळाचं क्षेत्रफळ म्हणजे त्रिज्येचा वर्ग गुणिले तीन पूर्णांक चौदा शतांश. साहेबाने पाठ थोपटली होती. पुस्तकातल्या सगळ्या वर्तुळांची क्षेत्रफळं त्याने काढली होती. चाकांची, ताटांची, चंद्राचीसुद्धा. आयुष्यभर ज्या एका वर्तुळावर त्याने भाकरी खाल्ली, त्याचं मात्र कधी काढलं नव्हतं. तिथे काठी होती ना!

आता पिठात त्याने आकडे मांडले. एक काठी म्हणजे दहा बोटं, त्रिज्या पाच. पाचाचा वर्ग पंचवीस. गुणिले तीन पूर्णांक चौदा... साडेअठ्ठ्याहत्तर. दोन काठ्या म्हणजे वीस बोटं, त्रिज्या दहा. दहाचा वर्ग शंभर. तीनशे चौदा.

त्याने दोनदा करून पाहिलं. साडेअठ्ठ्याहत्तर, तीनशे चौदा. चौपट.

"मी त्यांना चौपट पाणी देतोय," तो म्हणाला. "वसंतापासून. आणि आत्ता नानवर हात ठेवून आलो."

ओयनिसाने पिठाचा हात तोंडावर ठेवला. मग काय सुचलं कोण जाणे, तिने ते आकडे ओढणीच्या टोकाने भराभरा पुसून टाकले.

"कोणाला सांगू नका."

"ओयनिसा!"

"तुम्ही खोटं बोलला नाहीत. चुकलात. चुकीची काय शपथ मोडते? बुजवा उद्या थोडं भोक, संपलं! आपल्या सनोबरचा विचार करा. खालच्या गावात तिच्या बापाच्या नावाने लोक दुवा देतात. उद्या पाणी निम्मं झालं, वर बाप खोट्या शपथेचा निघाला, तर तिची सासू तिला सुखाने जगू देईल? माझी पोर विहिरीवर गेली की बाया तोंड फिरवतील हो!"

तिला रडू फुटलं. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. नानवरची शपथ फिरली की माणूस मीराब राहत नाही. एवढंच असतं तरी ठीक; बैठकीत नान फिरते तेव्हा त्याच्यापुढे ती थांबतसुद्धा नाही. वर्षानुवर्षं नाही. तो बसतो, बोलतो, पण नान पुढे जाते.

"आधी ही भाज," तो शेवटी म्हणाला. "सूर्य उतरायला लागलाय."

चार गोळ्यांची नान फडक्यात बांधून तो निघाला. पाय बोयमतच्या घराकडे वळेनात, म्हणून तो आधी रजबबोबोंकडे गेला. म्हातारा ओसरीवर चहा घेत होता. अकनजरने सगळं सांगितलं. ओसरीच्या मातीत बोटाने गोल काढून दाखवले. रजबबोबोंना आकडे कितपत कळले खुदा जाणे, पण नान उलगडून दाखवल्यावर त्यांनी मान हलवली. बायकोचा तंदूर त्यांनीही पाहिला होता.

मग त्यांनी पेला खाली ठेवला.

"आणखी कोणाला सांगितलंस?"

"घरात फक्त."

"मग ऐक. उद्या जाऊन फळी बदल. मी सांगतो लोकांना, फळी तडकली होती म्हणून. पाणी वाढलं की म्हणू बर्फ वितळला. चार दिवसांनी सगळे विसरतील."

"आणि बोयमत?"

"त्याची पाळी मी नंतर कधीतरी भरून देतो."

"गहू थांबत नाही, बोबो. आणि त्याने भर बैठकीत तुकडा गिळला. चोर म्हणून गिळला. त्याची पोरं शाळेत जातील तेव्हा त्यांना काय म्हणतील?"

"अरे, चिखल त्याने लिंपलाच होता की नाही?"

"लिंपला. कारण त्याला पाणी दिसत होतं. मला नुसती काठी दिसत होती."

रजबबोबो चिडले. "फार शहाणा होऊ नकोस! तू पडलास की शपथ पडते. उद्या नानवर हात ठेवणाऱ्याला पोरंटोरं विचारतील, अकनजरसारखी शपथ का? या गावात कज्जे कुऱ्हाडीने सुटत नाहीत, ते या नानमुळे. ती मोडायला निघालास तू."

हेही खोटं नव्हतं. अकनजरने नान पुन्हा फडक्यात बांधली आणि तो उठला. डोंगराच्या कडेवर ऊन हातभर उरलं होतं. बोयमतचं घर पाटाच्या टोकाला. वाटेत त्याने पाटात पाहिलं. तळाचे गोटे उघडे पडले होते आणि पाणी त्यांच्यामधून वाट काढत होतं. हेच पाणी तो रोज बघत होता आणि बर्फाला नावं ठेवत होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

बोयमत दारात उभा राहिला, पण बाजूला झाला नाही. आतून तान्ह्या पोराचं रडणं ऐकू येत होतं.

"ठेवा उंबऱ्यावर," तो म्हणाला. "रीत आहे, घ्यावी लागेल. पण आत या म्हणणार नाही, अमाक." काकाला इथे अमाक म्हणतात.

"मी क्षमा करायला नाही आलो. मागायला आलोय. तू खोटा नव्हतास."

बोयमत बघतच राहिला. अकनजरने फडकं सोडलं, नान दाखवली, दोन गोळे आणि चार गोळे यांची हकीकत सांगितली. बोयमतचा चेहरा आधी कोरा होता. मग हळूहळू त्याच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या.

"म्हणजे मी बरोबर होतो," तो म्हणाला. "सगळे हसले माझ्यावर, आणि मी बरोबर होतो!"

"होतास."

"मग माझ्या उंबऱ्यावर कशाला कुजबुजताय? शपथ अक्रोडाखाली घेतलीत ना? हे पण तिथेच बोला. माझ्या बायकोसमोर बोलून काय उपयोग? ती मला चोर म्हणतच नव्हती!"

अकनजरने मान डोलावली. इथवर येईपर्यंत त्याच्या मनात एक चोरटी आशा होती, की बोयमत म्हणेल, जाऊ द्या अमाक, पाणी सोडा म्हणजे झालं. ती आशा तिथेच संपली, आणि खरं सांगायचं तर त्याला जरा हलकं वाटलं.

"चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. "लोक नमाजाला जमतायत."

मशीद अक्रोडाच्या समोरच. माणसं हातपाय धुऊन ओळीने येत होती. अकनजर झाडाखाली, दुपारी बसला होता त्याच जागी जाऊन उभा राहिला. बोयमत चार पावलं मागे. रजबबोबोंनी लांबूनच दोघांना पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"दुपारी मी नानवर हात ठेवला," अकनजर मोठ्याने म्हणाला. "ती शपथ खोटी होती."

त्याने नान उंच धरली आणि सगळं सांगितलं. पुरुषांना पटेना. "दोन काठ्या म्हणजे दुप्पटच की!" दोघं-तिघं ओरडले. "असं कसं चौपट होईल?" तेव्हा कुंपणाआडून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला: "अरे, आपापल्या बायकांना विचारा घरी जाऊन!" कोणी हसलं नाही. पुढे उभ्या असलेल्या एकाने तेवढ्यात विचारलं, "मग माझ्या वाटाण्याचं काय? तो तर जळून गेला." अकनजरने कंबरेची काठी काढली आणि रजबबोबोंच्या पायांशी ठेवली.

"बोयमतची पहाटेची पाळी त्याला द्या. मी जाऊन भोक अर्धं लिंपतो. लिंपायचं कसं, ते त्याने दाखवलंच आहे."

बोयमतचा गहू त्या पाण्यावर तरला. सगळा नाही, पण पोटापुरता. खालच्या गावात व्हायचं तेच झालं. सनोबरला सासूने दिवसेंदिवस टोमणे मारले आणि ती शरद संपेपर्यंत माहेरी फिरकली नाही. निरोप तेवढा आला: दादांना म्हणावं, तब्येतीला जपा. ओयनिसाने तो निरोप सांगितला आणि नवऱ्याशी दोन दिवस बोलली नाही.

कायमची फळी तर बसवायची होती. पाणी बरोबर दुप्पट हवं, तर एक काठीची दोन भोकं पाडणं हाच सरळ उपाय. पण एका फळीला दोन तोंडं करायला गावातला एकही सुतार तयार होईना. फूट पडली तर नाव कोणाचं? शेवटी ते काम अकनजरनेच केलं. त्याचं नाव जायचं ते आधीच गेलं होतं. त्याने दोन्ही भोकं अशी गुळगुळीत घासली की बोट फिरवलं तर कुठे कुसळ लागू नये. दोन्ही तोंडांतून पाणी एकसारखं पडायला लागलं, तेव्हा तो खाली वाकून बराच वेळ ते बघत होता.

मळणी झाल्यावर, वसंताची वाट न बघता, अक्रोडाखाली नवा मीराब निवडायची बैठक भरली. अकनजर शेवटच्या रांगेत जाऊन बसला. बोयमतला पुढे जागा होती, पण तो मागे येऊन त्याच्या शेजारी टेकला.

निवड झाली आणि नान फिरायला लागली. जो तो तुकडा मोडून घेत होता आणि एक तरुण परात पुढे नेत होता. परात बोयमतकडे आली. त्याने तुकडा घेतला, आणि परात आणणारा तरुण क्षणभर घुटमळून अकनजरला ओलांडून पलीकडे गेला. सवयीने अकनजरचा हात पुढे आला होता. त्याने तो तसाच वर नेला आणि दाढीवरून फिरवला.

रजबबोबोंनी दुवा मागितली, सगळ्यांनी तुकडे तोंडात टाकले. बैठक उठेपर्यंत बोयमतची मूठ मात्र आपल्या तुकड्याभोवती मांडीवर मिटलेलीच होती. तो उठून गेला, तेव्हा ती तशीच मिटलेली होती.